डावी कड

दांडा लागला तो नेमका तिथंच. कंपनीच्या दारात गेल्या आठवड्यात नवं लोखंडी फाटक बसवलं होतं. कार्ड दाखवायचं, हिरवा दिवा लागला की कमरेशी आलेला आडवा दांडा ढकलायचा आणि आत व्हायचं. हेमानं कार्ड दाखवलं, दिवा हिरवा झाला असं धरलं आणि नेहमीच्या घाईत पाऊल टाकलं. दिवा लालच होता. दांडा तसूभर हलला नाही. डाव्या कुशीखाली कमरेच्या हाडाचं जे टोक पुढं येतं त्याच्यावर तिचा सगळा भार गेला आणि आत कुठंतरी वाळकी काटकी मोडावी तसं काहीतरी झालं. आवाज आला की नुसतं तसं जाणवलं, ते तिला नंतर डॉक्टरांनाही धड सांगता आलं नाही. मागं उभी असलेली नवी ट्रेनी मुलगी म्हणाली, "मॅम, कार्ड उलटं धरलंय तुम्ही." खरंच उलटं होतं. तिनं ते सुलट केलं, दिवा हिरवा झाला, दांडा लोण्यासारखा फिरला आणि तिला आत घेऊन पुन्हा आपल्या जागी येऊन थांबला.

खुर्चीत बसेपर्यंत तिला कळलं होतं की हे साधं लागणं नव्हे. तरी ती बसली. त्या मजल्यावर कायम संध्याकाळ असायची. काचांना काळी फिल्म लावलेली, त्यामुळं बाहेर हिंजवडीच्या माळावर ऊन रणरणत असलं तरी आत एकच एक फिकट उजेड, आणि त्याच्यावर एसीचा संथ घुमणारा आवाज. अशा उजेडात दुखणंसुद्धा आपलं वाटत नाही. ते दुरून येत होतं, शेजारच्या बिल्डिंगमधल्या रेडिओसारखं, मधूनच मोठं होत आणि मधूनच कुणी दार लावल्यासारखं बारीक होत. तिचं डावं अंग असंही वर्षभर तिच्या ताब्यात नव्हतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला पसरलेल्या पंजाएवढी एक जागा बधिर झाली होती. अंघोळीला ऊन पाणी ओतलं की बाकीची मांडी चटकायची, ती जागा मात्र गप्प बसायची. कधी तिथं मुंग्या चालायच्या, कधी कुणी ओलं फडकं ठेवून विसरून गेलंय असं वाटायचं. हाड काढताना एक बारीक नस ताणली जाते, येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले होते. हळूहळू हा शब्द डॉक्टर लोकांना फार आवडतो. त्यात दिवसही नसतात आणि महिनेही नसतात. त्या जागेच्या वर, हाडाच्या काठावर, चार बोटं लांबीचा व्रण होता आणि सलवारीची नाडी बरोबर त्याच्यावरून जायची. वर बांधली तर पोटात रुतायची, खाली बांधली तर व्रणावर. मग ती सैल बांधायची आणि दिवसभर एका हातानं सलवार सावरत चालायची. ऑफिसात सगळ्यांना वाटायचं, ही तिची लकब आहे.

हे सगळं ज्याच्यापायी झालं तो उजवा हात समोर की-बोर्डवर शहाण्यासारखा पडला होता. बाणेरच्या रस्त्यावर स्कूटी घसरून तो मोडला होता. रस्ता रुंद करण्यासाठी खणलेला होता. पुण्यात रस्ता एक तर खणलेला असतो, नाहीतर खणायचा असतो. मनगट आणि कोपर यांच्यामधली दोन्ही हाडं गेली. पट्टी बसवली, स्क्रू मारले, वाट पाहिली. एक हाड मुकाट्यानं जुळलं, दुसरं काही केल्या जुळेना. दर फोटोत मधली काळी फट तशीच. शेवटी डॉक्टर म्हणाले, "कमरेचं थोडं हाड काढून तिथं भरू. आपलंच हाड आपल्याला, यासारखं दुसरं काही नाही. कमरेला काही कळतसुद्धा नाही हो, तिथं भरपूर असतं." आणि मग, उठता उठता, जेवायला डावीकडचं टेबल घेऊ की उजवीकडचं असं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कुठल्या बाजूचं घेऊ? तुमची काही पसंती?" हेमा आणि तिचा नवरा दत्तप्रसाद, दोघंही सॉफ्टवेअरमधली. असा प्रश्न आला की दोघांची डोकी एकाच वाटेनं पळायची. दत्तप्रसाद लगेच म्हणाला, "उजवा हात आधीच डाउन आहे. मग तीच बाजू परत कशाला? लोड वाटून टाकू. डावीकडचं घ्या." हेमाला ते इतकं बिनतोड वाटलं की तीच पुढं म्हणाली, "हो ना, सगळं एकाच सर्व्हरवर नको." डॉक्टरही हसले. मग त्या दोघांनी तिथंच बसून स्कूटीची किक कुठल्या पायानं मारतात, झोपताना ती कुठल्या कुशीवर वळते, घरातलं बाथरूम पलंगाच्या कुठल्या अंगाला येतं, हे सगळं तपासून पाहिलं. सगळं डाव्या बाजूला जमत होतं. दीड वर्षाची सोनू तेव्हा घरी होती. ती कुठल्या कडेवर बसते हे त्या खोलीत कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही, कारण तो काही विचार करण्याचा विषयच नव्हता. श्वास कुठल्या नाकपुडीनं घेता असं कोण विचारतं?

सोनू डाव्या कडेवर बसायची. उजवा हात कामाला मोकळा राहावा म्हणून बहुतेक बाया मूल त्याच बाजूला घेतात. हेमा ते कुणाकडून शिकली नव्हती. अकोल्याला आईनं तिला तसंच वागवलं असणार आणि आईला तिच्या आईनं. पोरगी हात वर करायची, एक गुडघा पोटावर टेकवायची, आणि त्याबरोबर हेमाची कंबर आपली आपण एका बाजूला कलायची, हाडाचा काठ बाहेर यायचा आणि सोनू तिथं जाऊन बसायची, कोनाड्यात पणती बसते तशी. मग पोहे परतायचे, दाराला कुलूप लावायचं, मान वाकडी करून फोन धरायचा आणि आईला सांगायचं, हो गं, जेवलो. तिकडून आई म्हणायची, "अन् पोरगी काय करून राहिली?" पोरगी काही करत नसायची. ती नुसती असायची, लंगोटाच्या ओलसर उबेसकट, टाळूच्या आंबूस वासासकट, हेमाच्या कुडत्याचं वरचं बटण तोंडात धरून. त्या वेळी आपल्या अंगाला एक जास्तीची खोली आहे असं हेमाला वाटायचं. अकोल्याहून पुण्याला येऊन सहा भाड्याची घरं बदललेल्या बाईला एवढी एक खोली स्वतःची होती. आणि तीच, भरपूर असतं म्हणून, तिनं आपल्या तोंडानं देऊन टाकली होती.

गुंगीच्या औषधात तिला एक स्वप्न पडलं होतं. पुढंही ते अधूनमधून येत राहिलं, दुपारच्या झोपेत, बसमध्ये डुलकी लागली की, आज या फिकट उजेडातसुद्धा. कुणीतरी तिच्या डाव्या कुशीपाशी विळीवर बसून नारळ खवतंय. खवणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, नुसता सावकाश खर्र खर्र असा आवाज येतो. ताटलीत पांढरा कीस पडत राहतो आणि कुणीतरी म्हणतं, घ्या अजून, भरपूर आहे. तिला सांगायचं असतं की पुरे, करवंटी लागेल. पण तोंड उघडायला गेलं की तोंडात कुडत्याचं बटण असतं. शुद्धीवर आली तेव्हा सगळे तिच्या उजव्या हाताभोवती जमले होते. दत्तप्रसादनं विचारलं, "हात दुखतोय का?" नर्सनं विचारलं, "हात दुखतोय का?" ती म्हणाली, "नाही. इथं." आणि चादरीखालून डावीकडं बोट दाखवलं. नर्स म्हणाली, "ते होतं थोडं." पुढं तिथं रक्त साठून लिंबाएवढी गाठ आली, ती दाबून रिकामी केली, त्या वेळी हेमानं दातात ओढणीची गुंडाळी धरली होती. तेव्हाही थोडंच होतं. हात दाखवता येतो. त्याला प्लास्टर असतं, गळ्यात झोळी असते, भेटायला येणारा त्याच्याकडं बघून हळहळू शकतो. कंबर कुणाला दाखवणार? लोक सफरचंदं घेऊन आले, हाताची चौकशी केली, हाताला आशीर्वाद दिले आणि गेले. प्लास्टर निघालं, फोटोतली काळी फट भरून पांढरी झाली, आणि हात बरा झाला म्हणून निश्चिंत मनानं दत्तप्रसाद ऑनसाइटला न्यू जर्सीला गेला. तो वाईट माणूस नव्हे. फोनवर अजूनही पहिल्यांदा हाताचंच विचारतो.

सोनूचं ते झालं दवाखान्यातून घरी आल्यावर. टाके ओले होते. हेमा पलंगाच्या काठाला टेकून उभी होती, उजवा हात प्लास्टरमध्ये, डावा उशी सारखी करत होता. इतके दिवस आई दिसली नव्हती म्हणून सोनू आतून पळत आली, काही कळायच्या आत तिनं गुडघा वर घेतला आणि तिची टाच बरोबर टाक्यांवर बसली. हेमाच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिचा स्वतःचाही ओळखीचा नव्हता. आणि डाव्या हातानं, तिला विचारल्याशिवाय, पोरीला दूर लोटलं. जोरात नाही. पण सोनू फरशीवर बसली. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, रडणाऱ्या मुलाला जवळ घेता येतं. ती खालून नुसती बघत राहिली, नवीन बाईकडं बघावं तशी. त्यानंतर सोनूनं आईकडं हात वर केले नाहीत. जेवण भरवून घ्यायची, वेणी घालून घ्यायची, झोपताना कुडत्याचं टोक मुठीत धरायची. सगळं होतं, तेवढं एक नव्हतं. हेमानं बसून हात पसरले की ती दोन पावलं यायची आणि मध्येच थांबायची. मग बाहेर जिन्यात शकूताईची चाहूल लागली की तिकडं धावायची.

शकूताई म्हणजे घरमालकीण. बालेवाडीतली, मूळची शेतकऱ्यांच्या घरातली. जमीन गेली, तिच्या जागी तीन मजली इमारत आली, इमारतीत कंप्युटरवाले भाडेकरू आले. शकूताईनं एक म्हैस मात्र विकली नाही. ती मागं पत्र्याच्या गोठ्यात उभी असते आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू वासाबद्दल इंग्रजीत बोलतात. हेमाच्या कंपनीची इमारत जिथं उभी आहे तिथं शकूताईच्या माहेरची ज्वारी व्हायची. एकदा तिनं विचारलं होतं, "म्याडम, तुमच्या हापिसाच्या मागं बांधाव आमची बाभळ हाय का अजून?" हेमानं मागच्या बाजूला जाऊन पाहिलं तर तिथं जनरेटर होता. ऑपरेशनच्या वेळी शकूताई वर आली, म्हणाली, "पाळणाघरात कशाला ठिवतीस? मी काय मेलीय व्हय?" आणि सोनूला उचलून कडेवर घेऊन गेली. रुंद, भरल्या अंगाची बाई. तिच्या कडेवर सोनू अशी बसते की उतरायची आठवणच राहत नाही. त्या कडेवर बसून सोनू म्हशीला चारा घालते, दुकानात जाते, आणि बोलायला शिकली तीही तिथंच बसून. आता ती हाय म्हणते, न्हाय म्हणते, हितं ये म्हणते. हेमानं पुण्यात आल्यावर वर्षभर घासूनपुसून आपली भाषा शुद्ध केली होती, लोकांनी कुत्सितपणे "तुम्ही तिकडच्या का?" विचारू नये म्हणून. आणि तिची मुलगी घरात येऊन ठसक्यात म्हणत होती, "आई, पानी नगं मला." हेमाला हसू यायचं. हसून झालं की शकूताईचा हेवा वाटायचा, सरळ सरळ हेवा, आणि तो ज्या बाईनं आपलं पोर सांभाळलं तिच्याबद्दल वाटतो म्हणून स्वतःची लाजही वाटायची. पण लाज वाटली म्हणून हेवा काही कमी होत नाही. मुलं कडेवर बसायचे दिवस मोजके असतात. सोनूचे पाय लांब होत होते. आपली कड बरी होईल तेव्हा पोरगी तिथं मावणार नाही, हे हेमाला रोज दिसत होतं. वाट बघणं एवढंच हातात होतं आणि वाट बघता बघताच ते निसटत होतं.

एकदा मात्र, एका रविवारी दुपारी, वेगळं झालं होतं. हेमा जमिनीवर चटईवर उजव्या कुशीवर झोपली होती, पंखा फिरत होता, स्वप्नात नारळ खवला जात होता. जाग आली तेव्हा खाली बघते तर सोनू तिच्या मांडीवर गाल टेकून झोपलेली. डाव्या मांडीवर, बाहेरच्या अंगाला, बरोबर त्या बधिर जागेवर. किती वेळ झोपली होती कोण जाणे. गालाचा भार, लाळेची ओल, केसांची गुदगुली, यातलं काही हेमापर्यंत पोचलं नव्हतं. डोळ्यांना दिसत होतं आणि कातडीला पत्ता नव्हता. ती हलली नाही. तिनं डोळे मिटून पाहिले, कदाचित अंधारात कळेल म्हणून. डोळे मिटल्यावर सोनू नव्हतीच. उघडले की होती. असं बराच वेळ मिटून उघडून झालं आणि मग खालून शकूताईनं म्हशीला हाक मारली, तशी सोनू उठून डोळे चोळत निघून गेली. झोपेत लोळत आली असेल, हेमानं स्वतःला सांगितलं. झोपेत मुलं कुठंही लोळतात.

दांडा लागला त्या दिवशी दुपारी तिला उठून पाणी आणायला जाता येईना, तेव्हा ती कुणाला न सांगता रिक्षा करून मंडईमागच्या दवाखान्यात आली. काउंटरवरच्या बाईंनी वर न बघता सांगितलं, "डॉक्टर जेवायला गेलेत."

"कधी येतील?"

"जेवण झाल्यावर."

बाकावर एका नितंबावर बसून हेमा वाट बघत राहिली. खालून मंडईतला कोथिंबिरीचा, कुजक्या कोबीचा वास येत होता, कुणीतरी लिंबांचा भाव ओरडत होतं आणि दर ओरडीला दुखणं एक पायरी वर चढत होतं. मग फोटो निघाला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला, तोंड एका बाजूला केलं आणि म्हणाले, "हे बघा. इथून आपण तुकडा घेतला होता. पुढची कड पातळ राहिली होती, तिला चीर गेलीय. टोक थोडंसं सरकलंय. क्वचित होतं असं. ऑपरेशन वगैरे नको, विश्रांतीनं बसेल. काठी घ्या, ओझं अजिबात नाही." मग त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी टेबलावरून हात लांबवून तिचा उजवा हात उचलला, पालथा केला, उलथा केला, हाडावरून अंगठा फिरवला. "हा मात्र काय सुरेख जुळलाय! या हातानं तुम्ही पाण्याची बादली उचला, काही होणार नाही. कमरेचंच हाड आहे ते, आता इथलं होऊन गेलंय."

हेमानं विचारलं, "आणि मुलीला कडेवर?"

"डाव्या? ते आता विसरा. केवढी आहे?"

"अडीच वर्षांची."

"मग चालते की! आता कशाला घ्यायची कडेवर?" असं म्हणून त्यांनी औषधं लिहायला घेतली. पुण्यात शहाण्या माणसांची कमतरता नाही.

रिक्षा विद्यापीठाच्या चौकात अडकली तेव्हा ती रडली. मोठ्यानं नाही, पण आरशातून रिक्षावाल्यानं पाहिलं आणि सभ्यपणे आरसा फिरवला. चालते की. बरोबरच होतं ते. पोरगी चालते, पळते, थोड्या दिवसांनी शाळेत जाईल, तिला आईच्या कडेची गरज नाही. गरज हेमाला होती, आणि ती कुठल्या तोंडानं सांगायची? बाणेरची टेकडी आली. मुरमासाठी तिचा एक भाग खणून नेला होता, पांढरट खोबण दिसत होती, आणि तिथून नेलेल्या मुरमावर खाली इमारती उभ्या होत्या, उन्हात चकचकत. तिनं मान वळवून ती खोबण नजरेआड होईपर्यंत पाहिली. डोळे मिटले की नारळ खवला जात होता. आता करवंटी लागली होती.

संध्याकाळची उन्हं इमारतीच्या जिन्यावर तिरपी पडली होती. शकूताई खालच्या पायरीशी उभी, कडेवर सोनू, सोनूच्या हातात कडब्याची एक काडी. हेमा काठी टेकत फाटकातून आली. शकूताई म्हणाली, "आगं, काय झालं? वाकडी का चालतीस?"

हेमानं सांगितलं. दांडा, चीर, काठी. सांगता सांगता जे कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं होतं ते बाहेर पडलं. "शकूताई, ती आता माझ्याकडं कधीच येणार नाही हो. मी तिला एकदा लोटलं, तेव्हापासून ती येतच नाही. तुमच्याकडंच जाते."

शकूताई म्हणाली, "येत न्हाय? आगं बया, मीच शिकिवलंय तिला! तू दवाखान्यातनं आलीस, कंबर धरून. म्या म्हनलं, आईच्या कडंला बाऊ हाय, तिथं चढायचं न्हाय, आईला लई दुखतंय. तवापास्नं रोज इचारती मला, आईचा बाऊ गेला का, म्हनून. यड्यागत रोज इचारती."

हेमाला त्या बाईच्या अंगावर धावून जावंसं वाटलं आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. दोन्हीसाठी दोन पाय धड लागतात. ती काठी धरून तशीच उभी राहिली. सोनू शकूताईच्या कडेवरून घसरत खाली आली आणि जिन्याची तिसरी पायरी चढून उभी राहिली. तिथं तिचं तोंड हेमाच्या खांद्याशी येत होतं.

"बाऊ गेला?" तिनं विचारलं.

खोटं बोलायला हेमाची जीभ वळेना. "नाही गं सोनू. अजून आहे."

सोनूनं मान हलवली, जणू तिला तेच अपेक्षित होतं. मग ती भिंतीला हात लावत पायरीच्या दुसऱ्या टोकाला गेली, हेमाच्या उजव्या बाजूला. तिनं काडी खाली टाकली आणि एका बोटानं, म्हशीच्या डोळ्याजवळची माशी हाकलावी इतक्या हलक्यानं, हेमाच्या उजव्या कमरेला टोचलं.

"हितं हाय?"

"नाही," हेमा म्हणाली. "इथं नाही."

"हितं न्हाय," सोनूनं शकूताईला सांगितलं, आणि दोन्ही हात वर केले.

हेमाची कंबर उजवीकडं कलायला शिकलेलीच नव्हती. तिनं काठी डाव्या हातात घेतली, कठड्याला पाठ टेकली, आणि सोनूनं पायरीवरूनच गुडघा टेकवून आपली आपण जागा केली. बसणं वेडंवाकडं झालं. पोरगी जड झाली होती, पाय खाली लोंबत होते, कुडत्याचं बटण चुकीच्या बाजूला आलं होतं. हेमानं उजवा हात तिच्या पाठीमागून घातला आणि आवळला. वर्षभर त्या हातानं फक्त टाइप केलं होतं. मनगटाच्या वर, जिथं ते कमरेचं हाड भरलं होतं, तिथं सोनूची मांडी टेकली होती.

"उलटं हाय," सोनू म्हणाली. मग तिनं इकडं तिकडं पाहिलं. या बाजूनं गोठ्याचं दार दिसत होतं. "आई, हितनं म्हस दिसती."

"उतर गं," शकूताई म्हणाली, "आईच्या हाताला रग लागंल."

"राहू द्या," हेमा म्हणाली.

हाताला रग लागली होती. गेल्या वर्षभरात भेटेल त्यानं विचारलं होतं, हात दुखतोय का, आणि ती प्रत्येकाला नाही म्हणाली होती. आता तो खरंच दुखत होता, कोपरापासून बोटांपर्यंत, आणि तिनं तो सोडला नाही.